मशीन उठण्याआधीचं कुलूप

सी लझहर कॉम्प्युटर सांभाळायला आमच्या शाळेत आले तेव्हा सगळ्या शाळेत मिळून एकच कॉम्प्युटर होता, आणि तोही फडक्याखाली झाकलेला. त्याआधी ते बंदराजवळच्या गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे. मच्छीमारांचे रेडिओ, आतून मीठ धरलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "नेफिसा, हे तू घे. मशीनला जरा वारा लागू दे."

मी ऑफिसात टायपिस्ट. ते फडकं मी पुढे बरीच वर्षं टेबल पुसायला वापरलं.

आमच्या महदिया शहरात सी लझहर, म्हणजे लझहरराव, म्हणून त्यांना न ओळखणारा माणूस मिळायचा नाही, पण त्यांच्याशी दहा वाक्यं बोललेलाही क्वचितच मिळेल. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. लग्न केलं नाही. घरी आई महबूबाबाई आणि ते, दोघंच. आईला विसरण्याचा आजार लागला आणि त्यातच तिची अकरा वर्षं गेली. त्या अकरा वर्षांत सी लझहर एक दिवसही उशिरा आले नाहीत, आणि एक दिवसही थांबले नाहीत. घंटा झाली की निघालेच.

एकदा महबूबाबाई भर दुपारी शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. अंगावर सफसारी, बायका बाहेर जाताना पांघरतात ती पांढरी चादर, पायात घरातल्या सपाता. आमचे जिलानीकाका तेव्हापासून फाटकावर आहेत. बाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, शाळा सुटली का? माझं पोर अजून बाहेर आलं नाही."

जिलानीकाकांनी सी लझहरना बोलावून आणलं. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आलेली. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाली, "मास्तर, माझ्या मुलाला पाठवता का जरा?"

"पाठवतो हं, बाई," ते म्हणाले. आत गेले. मी खिडकीतून बघत होते. नळावर तोंड धुतलं, ओल्या हातानं केस बसवले, आणि पुन्हा बाहेर जाऊन म्हणाले, "चल आई, सुटली शाळा."

तिनं ओळखलं की नाही, अल्लाहला ठाऊक. पण हात धरला तो रस्त्याच्या वळणापर्यंत सोडला नाही.

आई वारल्यावर सी लझहरना एक भीती लागली. ती त्यांनी फक्त मला सांगितली, तेही प्रिंटरमध्ये डोकं घालून. "आईला एकसष्टाव्या वर्षी सुरू झालं होतं, नेफिसा. मला अठ्ठावन्न झाली."

"सगळ्यांना काही आईचंच येत नाही," मी म्हटलं.

"नाक आईचं आलंय. डोळे आईचे आलेत."

त्या दिवसापासून माझं त्यांच्यावर लक्ष असायचं. चष्मा कुठे ठेवला हे पटकन आठवलं नाही, तर आपण हसून सोडून देतो, पण ते जागच्या जागी थांबून राहायचे. चेहरा असा व्हायचा, की आत कुणीतरी दार वाजवतंय आणि हे कान देऊन ऐकतायत.

त्या वर्षी वसंताच्या सुट्टीनंतर शाळेत एक गंमत झाली. कॉम्प्युटरच्या वर्गातल्या बाराच्या बारा पडद्यांवर एक बकरी आली. बकरीच्या डोळ्यांवर चष्मा, आणि तो हुबेहूब आमच्या मुख्याध्यापिका मादाम फौझियांसारखा.

मादाम फौझिया कमरेवर हात ठेवून बारा बकऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. "ही माझ्यासारखी दिसते का हो, जिलानीकाका?"

"छे छे, मादाम. हिला दाढी आहे."

शेवटच्या वर्गातल्या दोन मुलींची ती करामत होती. सी लझहर रागावले नाहीत. मुलींना बोलावून म्हणाले, "कसं केलंत ते दाखवा." मुलींनी दाखवलं. मशीन सुरू होताना सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. बूट लोडर म्हणतात त्याला. तो जागा झाल्या झाल्या मुलींनी एक बटण दाबलं, त्याच्या ओळीत दोन शब्द घुसडले, आणि मशीननं त्यांना काही न विचारता मालकीण करून टाकलं. सी लझहरनी ठेवलेले सगळे पासवर्ड त्यानंतरचे. मुली त्यांच्या आधीच आत.

"म्हणजे मी दाराला कुलूप घालून बसलो, आणि दार बसवायच्या आधीच तुम्ही घरात," सी लझहर म्हणाले. त्यांना कौतुकच वाटलं होतं. मग त्यांनी विचारलं, "ऑफिसातल्या मशीनवरही हे होईल?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "होईल की, सर. पण आम्ही केलं नाही. खरंच, कुराणाची शपथ."

"शपथ नको. नाही केलंत हे मला माहीत आहे. केलं असतंत तर गणितात विसापैकी आठ नसते मिळाले."

ऑफिसातल्या मशीनमध्ये सगळ्या शाळेचे गुण होते. सी लझहरनी तीन दिवस वाचन केलं आणि त्या छोट्या प्रोग्रामलाच पासवर्ड लावला. आता मशीन उठण्याआधीच विचारणार, कोण आहेस आणि शब्द काय. शब्द चुकला तर पुढे काहीच उठणार नाही.

मादाम फौझिया म्हणाल्या, "छान. तो पासवर्ड एका पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवा."

"पाकिटात ठेवला तर तो पासवर्ड राहत नाही, मादाम. पत्र होतं."

"आणि उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मशीनची पेटी उघडून डिस्क काढता येते. हे कुलूप समोर बसणाऱ्यासाठी आहे, पेटी फोडणाऱ्यासाठी नाही. तुमचे गुण कुठे जात नाहीत. शब्द मात्र माझ्या डोक्यात राहील."

डोक्यात राहील, हे ते जरा जोरातच म्हणाले. मादामना त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं.

एक चूक मात्र त्यांनी केली. कुलूप घातलं की लगेच एकदा उघडून बघायचं, हे रेडिओवाल्यालाही कळतं. पण त्यासाठी मशीन बंद करून पुन्हा चालू करायला हवं होतं, आणि तेव्हा शिक्षकांची गुण भरायची रांग लागली होती. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता जून उजाडला. तोवर ते मशीन बंद झालंच नाही.

वर्गांच्या निकालाची बैठक होती त्या सकाळी शहीली सुटला होता. दक्षिणेकडून भट्टीच्या तोंडासारखा वारा, खिडक्यांच्या फटींतून वाळू. नऊच्या सुमारास वीज गेली. पाच मिनिटांत आली, पण मशीन तोवर मेलं होतं.

सी लझहरनी बटण दाबलं. काळा पडदा. त्यानं नाव विचारलं. त्यांनी 'रूट', म्हणजे मशीनच्या मालकाचं नाव, टाइप केलं, ते पडद्यावर दिसलं. मग त्यानं शब्द विचारला. शब्द टाइप करताना त्या पडद्यावर काही दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. त्यांनी शब्द टाकला. मशीननं क्षणभर विचार केला आणि नाही म्हटलं.

पुन्हा टाकला. नाही.

मोठ्या अक्षरांचं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, बघितलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. एकेक बटण सावकाश दाबून बघितलं. मागे शिक्षक जमले. कुणी कागदानं वारा घेत होतं, कुणी घड्याळ बघत होतं. भौतिकशास्त्राचे सी शुक्री माणूस वाईट नाही, पण जीभ आवरत नाही. ते म्हणाले, "काय सी लझहर, घराची किल्ली तरी आठवते ना कुठे आहे ती?"

सगळे हसले. सी लझहर हसले नाहीत. मी त्यांची मान बघत होते. मानेवर घाम आला होता, आणि तो शहीलीचा नव्हता.

"आणखी वीस वेळा टाकून बघू," ते म्हणाले. वीस वेळा टाकला. मी मोजत नव्हते, ते मोजत होते, ओठांतल्या ओठांत.

अकरा वाजता त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, पेटी उघडली, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. बाराच्या आत गुणपत्रकं छापायला लागली. बैठक झाली. मादाम फौझियांनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. सी शुक्रींनी पाठीवर थाप मारली. म्हणजे शाळेपुरतं ते प्रकरण तिथे मिटलं.

तीन वाजता सी लझहर माझ्या टेबलाशी आले.

"एक अर्ज टाइप करून देशील?"

"कसला?"

"मुदतीआधी निवृत्तीचा. तब्येतीच्या कारणानं."

"कुणाच्या तब्येतीच्या?"

ते म्हणाले, "आईच्या."

माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. मी म्हटलं, "प्रिंटरची शाई संपलीय. उद्या करते." शाई होती. अल्लाह माफ करो, पण त्या दिवशी खरं बोलणं मला जमलं नाही. घरी गेल्यावर दुपारनंतरच्या अस्रच्या नमाजाला बसले, आणि दुआत काय मागायचं तेच सुचेना. माणसाचा एक शब्द परत दे, असं कसं मागणार? तरी तेच मागितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी मुद्दाम गेले. फाटकाशीच जिलानीकाका म्हणाले, "तुझा लझहर सकाळी सातपासून आत आहे. मी कॉफी नेली तर म्हणाला, ठेवा. दुसरी नेली तेव्हा पहिली तशीच. आता तिसरी मी स्वतः प्यायलो."

आत ते त्याच मशीनपुढे बसलेले. डिस्क परत जागेवर बसवली होती. पडद्यावर तोच काळा प्रश्न. मी ट्यूना घातलेला पाव त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"हे कुलूप काढून का नाही टाकत?" मी विचारलं. "तुम्हाला येतं की."

"येतं. दहा मिनिटांचं काम आहे. पण मला कुलूप काढायचं नाहीये, नेफिसा. मला किल्ली हवी आहे."

"आठवेल हो. एखादा शब्द निसटतो कधी कधी."

"निसटला असता तर बरं झालं असतं." ते माझ्याकडे वळले. डोळे लाल. "शब्द मला आठवतोय. अगदी पक्का आठवतोय. हाच आहे, दुसरा असूच शकत नाही. हेच तर वाईट आहे. आई कॉफीत मीठ घालायची ना, ती चाचपडत नव्हती घालत. ठामपणे घालायची. मी म्हटलं, आई, हे मीठ आहे, तर मलाच हसायची. वेडा आहेस का, म्हणायची, साखर आहे ही."

मी पावाचा एक तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं पुन्हा टाइप करायला लागले. नाव, शब्द, नाही. नाव, शब्द, नाही. हात थकला होता. एकदा 'नाही' असं उत्तर आलं, पडद्यानं पुन्हा नाव विचारलं, आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. नावाच्या ओळीतच त्यांनी तो शब्द टाकला.

नावाची ओळ दिसते. पडद्यावर पाच अक्षरं उमटली. क्यू, डब्ल्यू, ओ, यू, डब्ल्यू.

सी लझहर बघत राहिले. "हे मी नाही लिहिलं," ते हळूच म्हणाले. मग हातातला पाव खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. "बोटं पण गेली, नेफिसा. मी एक लिहितोय आणि बोटं दुसरंच..."

"थांबा. पुसू नका ते."

"काय बघतेस?"

"थांबा म्हणते ना."

मी सत्तावीस वर्षं टायपिंग करतेय. असं लिखाण मी आधी पाहिलं होतं. माझं स्वतःचंच. नोकरीला लागले त्या वर्षी, स्फाक्स शहरातलं कुणा परदेशी कंपनीचं ऑफिस बंद झालं आणि त्यांचा एक टाइपरायटर आमच्या शाळेला दान मिळाला. इंग्रजी टाइपरायटर. माझी बोटं आमच्याकडच्या फ्रेंच मशीनवर शिकलेली, न बघता चालणारी. जिथे आपला ए, तिथे त्यांचा क्यू. जिथे आपला झेड, तिथे त्यांचा डब्ल्यू. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना मी लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'मादाम'मधले दोन्ही ए क्यू झाले होते आणि एमच्या जागी अर्धविराम. मादामनी ते पत्र माझ्यासमोर धरून विचारलं होतं, ही शिवी कुठल्या भाषेतली?

"सी लझहर," मी म्हटलं, "तुम्ही दाबलं ते ए होतं ना? पहिलं?"

"ए."

"आणि दुसरं झेड."

त्यांनी मान हलवली.

"हे मशीन आत्ता इंग्रजी आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पडद्याकडे. मग कीबोर्डकडे, जो इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होता. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसत होती.

"तो पहिला उठतो," ते म्हणाले, स्वतःशीच. "इतका आधी उठतो, की कीबोर्ड फ्रेंच आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कुलूप घातलं तेव्हा मशीन पूर्ण जागं होतं, त्याला फ्रेंच येत होतं. आता जो विचारतोय त्याला येतच नाही. आणि 'रूट'मध्ये ना ए, ना झेड. म्हणून नाव बरोबर दिसत राहिलं."

"मग जे पडद्यावर आलंय तेच दाबा. क्यू दाबलंत की त्याला ए कळेल."

नाव टाकलं. मग त्यांनी क्यू दाबलं. डब्ल्यू. ओ. यू. डब्ल्यू. एंटर दाबायच्या आधी त्यांनी डोळे मिटले. मी ओठांतल्या ओठांत बिस्मिल्लाह म्हटलं.

मशीननं क्षणभर विचार केला, आणि उठलं.

सी लझहर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. मी खिडकी उघडायला म्हणून उठले. काही वेळानं मागून आवाज आला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नव्हता विसरला. मशीनच परकं होतं."

"बावन्न वेळा नाही म्हणालं ते मला. बावन्न वेळा मी खरं बोलत होतो."

मी परत येऊन बसले. पाच अक्षरं मी मनात परत फ्रेंच करून वाचली होती, ए, झेड, ओ, यू, झेड, त्यामुळे न विचारता राहवेना. "पण हा अझूझ कोण?"

त्यांचे कान लाल झाले. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला अझूझा म्हणतात. "मी," ते म्हणाले. "लहानपणी मी हात मागे बांधून चालायचो म्हणे. आई म्हणायची, बघा आमचे म्हातारबा निघाले. अझूझाचं अझूझ करून टाकलं तिनं. शेवटी लझहर विसरली, मुलगा विसरली, पण संध्याकाळी दार उघडलं की विचारायची, अझूझ, तू जेवलास का? मला वाटलं, जे तिच्या डोक्यातून गेलं नाही, ते माझ्याही जाणार नाही."

थोड्या वेळानं त्यांनी पाव उचलला आणि सगळा खाल्ला. खाताना म्हणाले, "शाई आली का प्रिंटरची?"

"नाही आली."

"राहू दे मग."

हात पुसून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हा शब्द आता तुला कळला. बदलायला हवा."

"मी कुणाला सांगणार आहे का?"

"सांगणार नाहीस. पण नियम म्हणजे नियम." त्यांनी नवा शब्द ठरवायला घेतला. दोन्ही कीबोर्डांवर एकाच जागी असणारी अक्षरं कागदावर मांडली, त्यांतून शब्द जुळवला, आणि कागद फाडून खिशात घातला. तो टाइप करायची वेळ आली तेव्हा मी उठून दाराकडे निघाले.

"कुठे निघालीस? बस."

"तुम्ही शब्द टाकताय ना."

"म्हणूनच बस म्हणतोय. बघ नीट."

"आणि नियम?"

"नियम माझा होता. मीच मोडतोय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण त्यात कालची भीती नव्हती. असलीच तर ओळखीची झाली होती. "या वेळी मशीन परकं निघालं. पुढच्या वेळी तसंच निघेल असं नाही. एकसष्टला तीन वर्षं आहेत. ते आलंच, तर मला आधी कळणार नाही, नेफिसा. तुला कळेल."

"कळलं तर मी काय करायचं?"

"मी चुकीचा शब्द टाकला की बरोबर कोणता ते सांगायचं. हळू सांगायचं. शुक्रीसमोर नाही."

त्यांनी एकेक अक्षर सावकाश दाबलं, शाळेत पहिलीच्या पोराला शिकवतात तसं, आणि मी प्रत्येक अक्षराला मान हलवत गेले. मग या वेळी त्यांनी मशीन लगेच बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळा पडदा आला. त्यानं नाव विचारलं.

सी लझहरनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"टाक," ते म्हणाले. "मी बघतो."